नुसते नियम पाठवू नकोस

९ फेब्रुवारी

छोट्या,

'प्रिय' लिहायचं विसरले नाही. हात धजला नाही.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला की अंगठा पाठवतोस. बाबांना झटका आला त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी तुला कळवलं, तर तुझं उत्तर आलं, 'काळजी घे.' कुणाची? त्यांची की माझी? तेव्हाच विचारणार होते, पण डॉक्टरांनी आत बोलावलं. म्हणून आता हे सविस्तर ईमेलवर लिहितेय. याला अंगठा पाठवलास तर तिकडे येऊन तो मोडीन.

आधी बातमी. बाबांची उजवी बाजू अजून लुळी आहे. पाय थोडा टेकतात, हात नाही. वाचा गेली ती गेलीच, फक्त एक शब्द राहिलाय: 'नाही.' हे नीट वाच. पाणी हवं, 'नाही.' पाणी नको, तरी 'नाही.' खिडकी उघड, 'नाही.' मला हाक मारायची, 'नाही!' बोलणं शिकवायला एक बाई येतात. त्या म्हणाल्या, असं होतं. त्यांना सगळं कळतं, बाकी शब्द आत अडकतात आणि एखादाच सुटून बाहेर येतो. जन्मभर मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून ज्याने येणाऱ्याजाणाऱ्याला 'नाही' म्हटलं, त्याच्याकडे नेमका तोच शब्द उरावा! पहिल्यांदा मला हसू फुटलं. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

आता मुद्दा. परवा दुपारी मी दुकान बंद करून त्यांना भरवायला वर आले. सकाळपासून लोकांच्या नाकावर चष्मे बसवून डोकं उठलं होतं. एका गिऱ्हाइकाला चौदा फ्रेमा दाखवल्या, ती 'घरी विचारून येते' म्हणून गेली. आणि वर आले तर बाबांनी घास माझ्या अंगावर थुंकला. दुसरा भरवला, तोही थुंकला. माझं टाळकं सटकलं. तू मेजावर टाकून गेलास तो पत्त्यांचा कॅट मी दुकानाच्या खणात ठेवला होता. खाली गेले, तो आणला आणि त्यांच्यापुढे आपटला. म्हटलं, "हे घ्या! याच्यापायी पोराला घराबाहेर काढलंत ना? आता बसा बघत!"

ते बघत बसले नाहीत. डाव्या हाताने त्यांनी कॅट काटला. वरची थप्पी खाली घातली. मग अंगठ्याने एक पान सरकवलं माझ्याकडे, एक स्वतःकडे, परत एक माझ्याकडे. पाच-पाच झाल्यावर थांबले आणि माझ्याकडे असे पाहायला लागले, जणू वर्गात धडा विचारलाय आणि मी तोंडात मूग धरून उभी आहे.

मला गुलामचोर सोडून काही खेळता येत नाही, हे तुला माहीत आहे.

तर सांग. तू मित्रांबरोबर पोकर खेळायचास, त्यातला पाच पानं वाटून खेळतात तो कुठला? तू तिकडे परदेशात एका क्लबात पानं वाटणाऱ्यांना शिकवतोस असं आत्या म्हणाली. परक्यांना शिकवतोस तर मलाही शिकव.

ताई


२० फेब्रुवारी

छोट्या,

तुझं एक पान आलं. पत्र म्हणत नाही, पानच म्हणते. वर मथळा, 'फाइव्ह कार्ड ड्रॉ', खाली ओळीने नियम. 'ताई' नाही, 'बाबा कसे आहेत' नाही. गॅसच्या शेगडीबरोबर येणाऱ्या कागदातसुद्धा सुरुवातीला 'अभिनंदन' लिहिलेलं असतं रे.

नियम मात्र स्वच्छ होते, ते कबूल करते. प्रत्येकाला पाच पानं पालथी. एक फेरी बोली. मग नको ती पानं टाकून तेवढी नवी घ्यायची. परत बोली. मग दाखवायचं, ज्याचा हात भारी त्याचा डाव. जोडीपेक्षा दोन जोड्या भारी, त्याहून तीन सारखी, त्याहून ओळीने पाच, त्याहून एका रंगाची पाच, आणि तीन सारखी अधिक एक जोडी म्हणजे फुल हाउस. त्याच्या वर चार सारखी आणि मग एका रंगाची ओळ. हे मी चष्म्याच्या डबीच्या पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला चिकटवलंय.

एका हाताने पानं धरता येईनात, म्हणून दुकानातली फ्रेमा उभ्या करायची लाकडी पट्टी वर आणली. तिच्या खाचेत पानं छान उभी राहतात. दोघांत मजा येईना, म्हणून शेजारच्या शिंपीकाकांना बोलावलं. तू गेल्यानंतर ते इथे राहायला आले. बायको वारल्यापासून संध्याकाळी भिंतीशी बोलतात, तर म्हटलं बाबांशी बोला, फरक फारसा पडणार नाही. ते डबाभर बटणं घेऊन आले. पांढरं बटण एक, काळं पाच, कोटाचं पितळी दहा. आमची सगळी जुगारबाजी बटणांची, तेव्हा पोलिसांना कळवायचं कारण नाही.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि त्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंच्याही. या खेळाला तोंड लागत नाही. बोली पुढे ढकलायची तर मेजावर बोटं टकटकवायची. लावायचं तर बटणं सरकवायची. सोडायचं तर पानं फेकायची. तीन महिन्यांत पहिल्यांदा बाबा आमच्यासारखेच खेळत होते, आमच्यापेक्षा बरे. मला दोन राजे आले की माझ्या भुवया वर जातात म्हणे. शिंपीकाका म्हणाले, "ताई, तुमच्या तोंडावर पानं छापलेली दिसतात. सरांनी ती वाचली."

बाबा हसले. वाकडं हसले, एकाच बाजूने, पण हसले.

मला काय वाटलं सांगू? आनंद वगैरे नाही. संताप आला. गेली सात वर्षं या घरात मी स्वयंपाक केला, औषधं आणली, दुकान चालवलं, त्यांच्या नियमांनी वागले, मोठ्याने गाणं लावलं नाही. त्यांना हसवलं कुणी? तू टाकून गेलेल्या पत्त्यांनी.

चौघांनी खेळायचा एखादा प्रकार पाठव. आत्या राहायला येतेय. आणि या वेळी वर 'ताई' लिही.

ताई


११ मार्च

छोट्या,

लिहिलंस. 'ताई,' आणि स्वल्पविराम. पुढे लगेच 'सेव्हन कार्ड स्टड'. मी तो स्वल्पविराम बराच वेळ पाहिला. त्याच्या पुढे काहीतरी असेल असं वाटलं.

तर सात पानांचा स्टड. दोन पालथी, एक उघडं, बोली. मग तीन पानं एकेक करून उघडी, प्रत्येकानंतर बोली, आणि सातवं पालथं. सातातली उत्तम पाच धरायची. आत्याला हा फार आवडला, कारण यात दुसऱ्याच्या ताटात डोकावता येतं. "अगो, हिच्याकडे दोन राण्या दिसताहेत," असं ती मोठ्याने ओरडते. शिंपीकाका कपाळाला हात लावतात.

तू सोबत पाठवलेला उलटा प्रकारही खेळलो, रॅझ. वाटप तेच, पण सगळ्यात हलका हात जिंकतो. एक्का सगळ्यात लहान, ओळ आणि रंग मोजायचेच नाहीत, जोडी आली की वाटोळं. शिंपीकाका म्हणाले, "हा माझा खेळ. आयुष्यभर मला असलीच पानं आली." आणि खरंच जिंकले.

पण हे सांगायला लिहीत नाहीये. रविवारी काय झालं ते ऐक.

आत्या पानं पिसत होती. पिसता पिसता सहज म्हणाली, "दादाची वाटायची पद्धत बदलली नाही हो. होस्टेलातून सुट्टीला आला की मला बसवून शिकवायचा, मी लिंबूटिंबू. त्याच्या खोलीत त्याच्याइतकं कुणी खेळत नसे."

मी विचारलं, "कोण दादा?"

"हा काय, तुझा बाप!"

मी तिला परत विचारलं. ती घाबरली, पण बोलली. नोकरी लागेपर्यंत बाबा पोकर खेळायचे. रोज. नोकरी लागली त्या दिवशी बंद केलं, कारण शिक्षकाला शोभत नाही. बस, एवढंच. कुणी बुडालं नाही, कुणी मेलं नाही. शोभत नाही म्हणून.

छोट्या, मला ती संध्याकाळ आठवली. तू आणि तुझे मित्र पुढच्या खोलीत, बाबा शाळेतून लवकर आलेले. तुझ्या मित्रांसमोर त्यांनी तुझ्या मुस्कटात मारली. "पत्ते किंवा हे घर. एक निवड." मी मध्ये पडले तर ते म्हणाले, "तू आत जा." आणि तूही म्हणालास, "ताई, तू आत जा." त्या दिवशी तुम्हा दोघांचं एकमत झालं ते तेवढ्याच एका गोष्टीवर.

मी पानं खाली टाकली. म्हटलं, "बाबा, तुम्ही खेळायचात?"

"नाही."

"खोटं बोलू नका!"

"नाही, नाही."

"मग त्याला का मारलंत? स्वतः खेळलात ते चाललं, आणि तो खेळला तर घराबाहेर?"

"नाही."

एकच शब्द असलेल्या माणसाशी भांडता येत नाही रे. तोंडावर दार लावल्यासारखं होतं, आणि दारामागे तो उभा आहे हे दिसतं. मी खूप बोलले. आईच्या मागे तुला कसं वाढवलं इथपासून सगळं. आत्या रडायला लागली, शिंपीकाका 'शिलाई राहिलीय' म्हणून निघून गेले. बाबा खाली मान घालून बसले होते. मग त्यांनी डावा हात उचलून मेजावर दोन बोटं टकटकवली. टक, टक. म्हणजे मी बोली लावत नाही, तू बोल.

मी आणखी बोलले. ते परत टकटकले. मी थकले तोवर त्यांनी ऐकून घेतलं. सगळं. या घरात हे पहिल्यांदा घडलं.

दुसऱ्या दिवशी मी पत्त्यांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कॅट पुढे सरकवला. मी खेळले. माफ केलं म्हणून नाही, मलाही आता तो खेळ आवडायला लागलाय म्हणून. ही माझी पंचाईत.

तुला हे कळायलाच हवं होतं. आता बोल काहीतरी.

ताई


२ एप्रिल

छोट्या,

तू काही बोलला नाहीस. तू 'होल्डेम' पाठवलास.

वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि दुकानात जाऊन एका भल्या माणसाच्या चष्म्याची दांडी मोडली. त्याला नवी बसवून दिली, फुकट. ते तुझ्या नावावर.

मग परत उघडून शेवटपर्यंत वाचलं. अगदी तळाशी एक ओळ होती, 'हा बाबांना आवडेल.' तुझ्या हातून सात वर्षांत 'बाबा' हा शब्द आलेला मी पहिल्यांदा पाहिला. ती ओळ त्यांना वाचून दाखवली. त्यांनी लॅपटॉप ओढून घेतला आणि ती ओळ स्वतः बघितली. वाचता येतं की नाही अजून नक्की कळत नाही. पण बराच वेळ बघत होते.

आवडला. हाताशी फक्त दोन पालथी पानं, आणि मेजावर मध्ये पाच, सगळ्यांची मिळून. आधी तीन उघडायची, मग एक, मग शेवटचं, दर वेळी बोली. आपली दोन आणि मधली पाच यातून उत्तम पाच. पानं कमी आणि विचार जास्त. एका हाताच्या माणसाला सोयीचं. मला आधी वाटलं, दोन पानांत काय दम आहे? काल माझ्याकडे एक्क्यांची जोडी होती. मी मनात नाचत होते, पण तोंड दगडासारखं ठेवलं. बाबांनी सगळी पितळी बटणं पुढे ढकलली. मी घाबरून पानं टाकली. त्यांनी आपली उघडून दाखवली, तर सत्ती आणि तिर्री! काही म्हणजे काही नाही! मी ओरडले, "लबाड!" ते इतके हसले की ठसका लागला, पाठ चोळावी लागली.

तर आता माझं ऐक. या रविवारी व्हिडिओ कॉल कर. तुझ्याकडे सकाळ असेल, आमच्याकडे चहाची वेळ. फोन मी पट्टीच्या खाचेत उभा करीन. फार बोलावं लागणार नाही, तुझी दोन पानं मी न बघता फोनपुढे धरीन, तिथून दिसतील ती मधली बघ आणि बटणं सांग, मी सरकवीन. एक डाव. त्यांना अजून सांगितलं नाही, पण दाढी मात्र करून घेणार आहे.

आणखी एक. कॉन्टॅक्ट लेन्सचा तो अभ्यासक्रम, ज्याला माझा दोनदा नंबर लागला आणि दोनदा मी गेले नाही, त्याचं पत्र परत आलंय. पुढच्या महिन्यात तीन आठवडे. तिथेच राहून शिकायचं. उगाच सांगितलं. रविवारी फोन कर.

ताई


५ एप्रिल, रविवार

भेकड!

दुसरं काही लिहवत नाही.

काय झालं ते तुला माहीत नाही, कारण तू थांबलासच नाहीस. म्हणून सांगते. फोन वाजला. मी खाचेत उभा केला. तुझा चेहरा आला, केस मागे गेलेत तुझे. बाबांनी पाहिलं. पट्टीवरची पानं त्यांच्या हाताने उडाली आणि ते ओरडले, "नाही! नाही! नाही!" डावा हात पुढे करून. आणि तू फोन बंद केलास.

गाढवा! मी पहिल्याच पत्रात तुला लिहिलं होतं, नीट वाच म्हणून लिहिलं होतं, की त्यांच्याकडे तेवढा एकच शब्द आहे! 'ये' म्हणायचं असेल तरी तोच! तुझं नाव घ्यायचं असेल तरी तोच! की तू माझ्या पत्रांतला फक्त पत्त्यांबद्दलचा भाग वाचतोस? बाकीचं काय, पाठीवर छापलेली जाहिरात?

मी परत फोन लावला. बंद. शिंपीकाकांच्या फोनवरून लावला. बंद.

बाबांनी तो काळा पडलेला फोन मांडीवर घेतला. चहा गार झाला. त्यांनी कुणाला तो घेऊ दिला नाही. आत्या म्हणाली, "दादा, नेट गेलं असेल हो." त्यांना नेट वगैरे काही पटलं नाही. त्यांना कळलं.

त्यांनी तुला एकदा घराबाहेर काढलं. आज तू त्यांना काढलंस. झाली फिट्टंफाट?


१९ एप्रिल

छोट्या,

दोन आठवडे गप्प राहून तू काय पाठवलंस, तर 'ओमाहा'. हाताशी चार पानं, मध्ये पाच. चारातली नेमकी दोनच वापरायची, ना एक ना तीन, आणि मधली नेमकी तीन. नवखे लोक चार चांगली पानं बघून हुरळतात आणि हात चुकीचा मोजतात. 'सावकाश मोजा' असं तू खाली लिहिलंयस.

मी खेळले नाही. वाचलं आणि बाजूला ठेवलं. आता नियम बस झाले. तुला तोंड लपवायला ते छान आहेत, पुढच्या वेळी आणखी नवा प्रकार काढशील, जगात ते खूप असतील. मला एकही नको.

आता माझं ऐक. ही विनंती नाही.

तीन मेला सकाळच्या गाडीने मी अभ्यासक्रमाला जातेय. तीन आठवडे. फी भरली, खोली घेतली, दुकानाला पाटी तयार आहे. आत्या पाच तारखेपर्यंत थांबेल, मग तिला तिच्या घरी जायलाच हवं, तिच्या सुनेचे दिवस भरत आलेत. सकाळी अंघोळ घालायला बाई येतात, दुपारी शिंपीकाका वर येतात. संध्याकाळपासून सकाळपर्यंत माणूस नाही. तो माणूस तू आहेस.

बाबांना मी एकटं टाकणार नाही, हे तुला माहीत आहे. त्याच भरवशावर तू सात वर्षं काढलीस. म्हणून पाच तारखेला तू आला नाहीस, तर मी अर्ध्यातून परत येईन आणि तिसऱ्यांदा हा अभ्यासक्रम सोडीन. मला कुणी चौथ्यांदा बोलावणार नाही. असं झालं तर तुझं नाव मी घरात घेणार नाही, आणि ही धमकी मी पाळीन. मी त्यांचीच मुलगी आहे.

बाबांना सांगितलं. म्हटलं, "मी जातेय. छोट्याला बोलावलंय. येईल की नाही माहीत नाही." तो एक शब्दसुद्धा त्यांनी काढला नाही. फक्त माझा हात धरला, आणि मग मनगटाला धरून दाराच्या दिशेने ढकलला. जा म्हणून. मला रडू आलं आणि रागही आला. इतकं सोपं होतं तर आधीच ढकलायचं होतं.

गोळ्यांचा डबा फ्रिजवर. रात्री डाव्या कुशीवर वळवायचं, उजव्या खांद्याला धरून ओढायचं नाही, तो निखळतो. गिळताना हनुवटी खाली. घाई केलीस तर घास थुंकतील, आणि बरोबरच करतील. किल्ली शिंपीकाकांकडे.

ताई


१२ मे

छोट्या,

तुझं पत्र मिळालं. या वेळी पत्रच म्हणते. मी ते इथल्या खोलीत, खाटेवर मांडी घालून, जेवण चुकवून वाचलं. त्यात एकही नियम नव्हता.

तू आलास हे शिंपीकाकांनी त्याच दिवशी कळवलं होतं. ते म्हणाले, "एक उंच माणूस पिशवी घेऊन जिन्यात बसलाय. वर जा म्हटलं तर म्हणतो, बसतो थोडा. तासभर बसला. शेवटी मी हाताला धरून नेला." तुझ्या पत्रात तो तास नाही. असू दे, तेवढं तुझ्याकडे ठेव.

पहिल्या दिवशी बाबांनी भिंतीकडे तोंड केलं, दुसऱ्या दिवशी तुझ्या हातचा घास तुझ्या शर्टावर गेला, हे वाचून मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? तुला वाटलं असेल की तू दारात उभा राहिलास की ते गळ्यात पडतील. मी रोज जे करते ते तू दोन दिवस केलंस आणि लिहितोस, 'ताई, कंबर मोडली.' मोडू दे.

तिसऱ्या दिवशी तू म्हणे रागाने ओरडलास. "मला मारलंत ते चुकलं तुमचं! मी चोरी केली नव्हती!" आणि त्यांनी मेजावर टकटक केलं. तू विचारतोस, याचा अर्थ काय. अरे, मी मार्चमध्ये लिहिलं होतं. वाच आता सगळी पत्रं पहिल्यापासून, वेळ आहे तुला. रात्री ते झोपले की वाच.

मग तू बोलत गेलास, ते ऐकत गेले, आणि नंतर त्यांनी तुझा हात उलटा करून तळवा पाहिला, बोटं पाहिली, पानं वाटून वाटून अंगठ्याला पडलेला घट्टा चाचपून पाहिला. तू लिहितोस, 'शाळेत ते शाईचे डाग तपासायचे तसं.' हे वाचताना मी थांबले. खोलीतल्या मुलीने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "डोळ्यात लेन्स टोचतेय." इथे ती सबब फार सोयीची आहे.

आता तुझे प्रश्न.

एक, त्यांनी तुला माफ केलं का, हे कसं ओळखायचं? मला माहीत नाही. त्यांनी तुला करायचं की तू त्यांना, ते तुमचं तुम्ही बघा. खोलीत मी नाही, तेव्हा मला 'आत जा' म्हणायचीही सोय नाही. मात्र एक गोष्ट तुम्हा दोघांच्या लक्षात आलेली दिसत नाही. तुम्ही दोघं भांडलात, दोघं रुसलात, आता दोघं एकमेकांचे हात बघत बसलाय. मधली सगळी वर्षं ज्या बाईने ते घर डोक्यावर धरलं, तिची माफी कुणी मागितलेली नाही. तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात 'ताई, सॉरी' कुठेही नाही. मी दोनदा शोधलं.

ईमेलने मागू नकोस. माझ्यासमोर उभा राहून माग.

दोन, 'रजा पंधरा तारखेला संपते, तू लवकर निघशील का?' नाही. मी इथे खूश आहे. डोळ्यावर लेन्स बसवताना बोट थरथरलं की शिकवणाऱ्या बाई ओरडतात, आणि संध्याकाळी मला स्वतःशिवाय कुणालाही भरवायचं नसतं. काल मी मोठ्याने गाणं लावलं. रजा वाढव. ते लोक देणार नाहीत म्हणालास तर सांग त्यांना, माझी बहीण वाईट आहे. पानं वाटणारे त्यांना आणखी मिळतील.

तीन, 'तू परत आल्यावर मी काय करू?' ते तेव्हा बोलू. भांडू. मला तुझ्याशी भरपूर भांडायचंय आणि तुझ्याकडे शब्दही भरपूर आहेत, तेव्हा मजा येईल.

चोवीस तारखेच्या दुपारच्या गाडीने मी येतेय. स्टेशनवर ये. बाबांना घेऊन ये. चाकाची खुर्ची मिटते, डाव्या बाजूची कळ दाबायची, शिंपीकाका दाखवतील. ऊन असेल, त्यांच्या डोक्यावर टोपी घाल. फलाटावर तू एकटा उभा दिसलास, तर मी खाली उतरणार नाही. तशीच पुढे जाईन, गाडी नेईल तिथे.

ताई